आंबील ओढा कुठं गेला?

मित्रमैत्रिणींनो, पुण्याला आलात की पर्वतीवर एकदा तरी जाताच ना? पुण्यात राहत असाल तर पाहुण्यांना घेऊन जात असाल. १०३ पायऱ्या, हत्तीची पावलं पडावीत अशा रुंद. धापा टाकत वर पोचायचं, देवदर्शन करायचं, दाणे-फुटाणे खायचे, कठड्याशी उभं राहून आपलं घर दिसतं का ते शोधायचं आणि खाली यायचं. झाली पर्वती!

आज आपण घर नाही शोधायचं. आज आपण त्याच कठड्याशी उभं राहून एक ओढा शोधायचा आहे. त्याचं नाव आंबील ओढा. पावणेतीनशे वर्षांपूर्वी तो पुण्याच्या वस्तीला अगदी लागून वाहत होता. आता तिथं नाही. मग गेला कुठं? हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही बरं का. या ओढ्याचा माग काढायला निघालो की डोंगर, नद्या, तलाव, पेशवे, धरणं आणि दोन भयंकर पूर असं सगळं वाटेत भेटतं. पुण्याचे नसाल तरी चला. तुमच्या गावालाही एखादा असा हरवलेला ओढा असणारच.

आधी चहूकडे नजर फिरवू. शहराकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करा. पायाशी सारसबागेची हिरवळ. पाठीमागे तळजाईची टेकडी, आणि तिच्या पलीकडे आडवी पसरलेली कात्रजच्या डोंगरांची रांग. डावीकडे, जरा मागे, टेलिव्हिजनचा मनोरा डोक्यावर घेतलेला सिंहगड. डावीकडे पुढे वेताळ टेकडी. ही पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. शहराच्या सपाटीपासून साधारण दोन-अडीचशे मीटर वर. तिच्याच अंगाला हनुमान टेकडी, चतुःश्रृंगी. म्हणजे बघा, पश्चिमेला आणि दक्षिणेला डोंगर, आणि पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत मोकळी होत जाते. एका बाजूनं उचलून धरलेल्या परातीसारखं पुणं आहे. परातीत पाणी ओता. कुठं जाईल? उतार असेल तिकडे. एवढं लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट बघा. या टेकड्यांचे माथे कसे सपाट आहेत! हिमालयाचं चित्र काढताना आपण टोकदार त्रिकोण काढतो. पुण्याची टेकडी तशी काढलीत तर चुकेल. सुरीनं वरून कापल्यासारखा माथा आणि बाजूला पायऱ्या पायऱ्या. याचं कारण फार जुनं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी वगैरे नाही. भेगांमधून उकळी फुटावी तसा लाव्हा वाहत पसरला. थंड झाला. त्यावर दुसरा थर आला. मग तिसरा. अशी लाखो वर्षं हे चाललं, आणि पोळीवर पोळी ठेवावी तसे काळ्या दगडाचे थर एकमेकांवर बसले. हाच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं याच दगडात कोरलेलं आहे, आणि वाड्यांची जोतीही याच दगडाची. पुढं ऊन, वारा, पाऊस यांनी मधला भाग झिजवून नेला. उरल्या त्या टेकड्या. म्हणजे टेकडी उंच झालेली नाही, भोवतालची जमीन खाली गेली आहे. गंमत आहे की नाही?

या थरांचं पाण्याशी मोठं गूळपीठ आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा भोकाभोकांचा, जाळीदार असतो आणि आतला भाग घट्ट. लाव्ह्यात अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांची ही भोकं. काहींमध्ये पुढं पांढरे, चमकदार स्फटिक तयार झाले. खाणीतल्या दगडांत असे चमचमणारे खडे तुम्हीही कधी गोळा केले असतील. तर पावसाचं पाणी टेकडीच्या माथ्यावर पडतं, भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर लागला की अडतं, मग आडवं सरकत सरकत उतारावर कुठंतरी बाहेर येतं. त्याला आपण झरा म्हणतो. टेकडी ही पाण्याची टाकीच समजा. मात्र या टाकीला झाकण घातलं, म्हणजे माथा आणि उतार काँक्रीटनं झाकून टाकला, तर पाणी आत जाणार नाही. ते एकदम खाली धावत सुटेल. वेताळ टेकडीवरून आणि तिच्या पोटातून रस्ता न्यायचा बेत पुढं आला तेव्हा पुष्कळ पुणेकर विरोधाला उभे राहिले. त्यांना टेकडीवरची झाडं आणि मोर तर वाचवायचे होतेच, शिवाय ही टाकीही वाचवायची होती.

आता नद्यांकडे वळू. पुण्याच्या दोन नद्या, मुळा आणि मुठा. दोघी पश्चिमेकडून सह्याद्रीतून येतात. सह्याद्री म्हणजे ढगांना अडवणारा बांधच. समुद्रावरून आलेले ढग आधी त्याच्यावर आदळतात आणि तिथंच रिकामे होतात. म्हणून ताम्हिणीच्या घाटात जेवढा पाऊस पडतो त्याच्या मानानं पुण्यात कितीतरी कमी. पुणे शहराचा वर्षाचा पाऊस सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटरच्या आसपास. जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवरच्या घाटात त्याच्या पाच-सहापट, एखाद्या वर्षी त्याहूनही जास्त! म्हणजे पुण्याच्या नळाला येणारं पाणी पुण्यात पडलेलंच नसतं. ते घाटात पडलेलं असतं आणि नदीतून, धरणातून आपल्याकडे येतं. आंबी नदीवर पानशेत, मोसी नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि या तिघींचं पाणी जिथं येतं तिथं खडकवासला. नावातच खडक आहे, बघा.

घाटातून अरबी समुद्र अगदी जवळ. निरभ्र दिवशी एखाद्या उंच कड्यावरून दिसेलसुद्धा. पण मुठेचं पाणी तिकडे जात नाही. परात पूर्वेकडे उतरती आहे ना! मुळेला दापोडीजवळ पवना मिळते, पुढं मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर भेटतात. तिथून मुळा-मुठा पूर्वेला जाऊन भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला जाते. तिथं तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. पुढं कर्नाटकात रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा विजयवाड्यावरून बंगालच्या उपसागराला. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! लकडी पुलावरून तुम्ही सोडलेली कागदी होडी न बुडता, कुठल्याच धरणात न अडकता गेली, तर विठोबाच्या पायाशी जाऊन मग पूर्वेच्या समुद्रात पोचेल.

मुळेची मात्र एक वेगळीच कथा आहे. तिच्यावर मुळशीला टाटांनी १९२० च्या दशकात धरण बांधलं. त्यात गावं आणि भाताची खाचरं बुडणार म्हणून मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे पुढारी. धरण झालंच. आणि त्यातलं पाणी बोगद्यातून उलटं पश्चिमेला, कोकणात भिऱ्याला खाली सोडून त्यावर वीज तयार होऊ लागली. ते पाणी पुढं कुंडलिका नदीत जातं. कोलाडला रबरी होड्यांतून खळाळत्या पाण्यातली सफर करतात ना, ती याच पाण्यावर. म्हणजे निसर्गानं पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसानं डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि ते अरबी समुद्राला गेलं. पाणी वळवणं हा माणसाचा जुनाच उद्योग. आणि त्याच उद्योगामुळं आपला आंबील ओढा हरवला!

जुनं पुणं हे छोटं गाव होतं. आज जी कसबा पेठ आहे तेवढंच, मुठेच्या काठावर उंचवटा पाहून वसलेलं. उत्तरेला नदी, पूर्वेच्या अंगाला नागझरी नावाचा ओढा आणि पश्चिमेच्या अंगाला आंबील ओढा. तिन्ही बाजूंनी पाणी, म्हणजे प्यायला सोय आणि शत्रूला अडसर. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावायचा, पर्वतीच्या पायथ्याशी यायचा आणि आजचा बाजीराव रस्ता आहे त्याच्या आसपासून वाहत पुढं मुठेला मिळायचा, असं जुन्या पुण्याचे अभ्यासक सांगतात. आज बाजीराव रस्त्यावर पुस्तकांची दुकानं आणि वाहनांची गर्दी यांच्यामधून ओढा शोधून दाखवा पाहू!

पेशवाई आली, शनिवारवाडा झाला, शहर वाढू लागलं. नवीन पेठा वसवायला जागा हवी होती, आणि ओढा पावसाळ्यात वस्तीत शिरायचा. शिवाय वाढत्या वस्तीला प्यायला पाणी हवं. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास दोन्ही प्रश्न एकाच ओढ्यावर सोडवले.

पहिलं काम कात्रजला. डोंगरातून ओढा उतरतो तिथं बांध घालून तलाव केले. वर एक, खाली एक. वरच्यात गाळ बसतो आणि खालच्यात निवळलेलं पाणी येतं. तिथून जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ बांधत शनिवारवाड्यापर्यंत आणला, सुमारे दहा किलोमीटर. नळ म्हणजे तुमच्या न्हाणीघरातला नव्हे हं! माणूस आत उतरून चालू शकेल एवढा भुयारासारखा. पंप नाही, इंजिन नाही. नुसता उतार. कात्रज उंच, शहर खाली. उतार जरा जास्त झाला तर पाणी वेगानं धावून बांधकाम फोडणार, कमी झाला तर तुंबणार. दहा किलोमीटर हा हिशेब सांभाळायचा म्हणजे काय ते एकदा अंगणात विटा मांडून करून बघा.

वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखे दगडी मनोरे उभे केले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नाव किती छान! त्यातून नळाला हवा मिळायची आणि आत उतरून साफसफाई करता यायची. उच्छ्वासाच्या तळाशी खड्डा ठेवलेला, म्हणजे पाण्यातला गाळ तिथं खाली बसावा आणि पुढं स्वच्छ पाणी जावं. असे काही उच्छ्वास अजूनही उभे आहेत. शहरात पाणी हौदांत यायचं. काळा हौद, फडके हौद, नाना हौद. काही हौद बुजले तरी नावं टिकली आहेत. फडके हौद चौकात रोज शेकडो माणसं रिक्षावाल्याला ‘फडके हौद’ सांगतात. त्यांतल्या किती जणांच्या डोळ्यांपुढं पाण्यानं भरलेला हौद येत असेल?

दुसरं काम पर्वतीच्या पायथ्याशी. तिथं ओढ्याला बांध घालून मोठं तळं केलं आणि मधल्या बेटावर बाग. पुढं त्या बेटावर गणपतीचं देऊळ झालं. तळं नाहीसं होऊन त्या जागी सारसबाग आली, तरी म्हातारी माणसं अजूनही ‘तळ्यातला गणपती’ असंच म्हणतात. आणि ओढ्याचं काय केलं? त्याला शहरात शिरूच दिलं नाही. पर्वतीला वळसा घालून पश्चिमेकडे वळवलं. आज तो दांडेकर पुलाखालून जातो आणि शहराच्या वरच्या अंगालाच मुठेला मिळतो. मोकळ्या झालेल्या जागेवर पेठा वाढल्या.

सापडला की नाही ओढा? दांडेकर पुलावरून तुम्ही दहा वेळा गेला असाल. पूल म्हणजे खाली काहीतरी वाहत असणार, हे मात्र कितीदा मनात आलं? खरं सांगू, मी स्वतः कितीतरी वर्षं त्याला नालाच समजत होते. पाणी काळं, वास मारणारं. हाच तो पेशव्यांनी वळवलेला ओढा, हे कळलं तेव्हा मला त्या ओढ्यापेक्षा माझीच लाज वाटली.

आता नदीची एक गोष्ट सांगते. ती गोष्ट पुण्यातल्या आजी-आजोबांना तारखेसकट पाठ आहे, १२ जुलै १९६१.

खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी १८७९ मध्ये पुरं केलं होतं. दगडी आणि भक्कम. थोर इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाण्याच्या पातळीप्रमाणं आपोआप उघडमीट करणारे दरवाजे तयार केले, ते १९०३ मध्ये पहिल्यांदा याच धरणाला बसवले होते. त्याच्या वर, आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं धरण बांधायचं काम चालू होतं. काम पुरं झालेलं नसतानाच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठलं. पाऊस धो धो. बांध खचू लागला. जवानांनी रात्रभर पावसात वाळू-मातीची पोती रचून तो धरून ठेवायची शिकस्त केली. सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला पानशेत फुटलं. ते सगळं पाणी खडकवासल्यात आलं आणि मग त्या जुन्या धरणालाही ते पेलवेना, तेही फुटलं. रात्री फुटायचं ते धरण दिवसा फुटलं, म्हणून हजारो माणसांना पळून जीव वाचवता आला. त्या जवानांच्या पोत्यांनी शहराला काही तास मिळवून दिले.

माझ्या नात्यातल्या एक आजी तेव्हा नारायण पेठेत राहायच्या. मी लहानपणी त्यांच्याकडे गेले की त्या जिन्याच्या भिंतीवरची एक मळकट रेघ दाखवायच्या. ‘इथवर आलं होतं बघ पाणी.’ मी हात उंच करून उड्या मारायची, तरी रेघेला बोट लागायचं नाही. त्या सांगायच्या, ‘सकाळची आमटी चुलीवर होती. रस्त्यावरनं कुणीतरी ओरडत गेलं, धरण फुटलं, पळा! आम्हाला वाटलं अफवा. मग गल्लीच्या टोकाला पाणी दिसलं. उचलली पोरं आणि धावलो पर्वतीकडे.’ परत आल्या तेव्हा शेजारचा वाडा नव्हता. नुसता मातीचा ढीग आणि त्यात अडकलेलं एक पितळी घंगाळं. माती-विटांचे जुने वाडे पाण्यात विरघळल्यासारखे बसले होते. नदीकाठच्या पेठांत हजारो कुटुंबांची घरं गेली, कितीतरी माणसं गेली.

आजी पळाल्या पर्वतीकडे, हे ध्यानात आलं का? त्यांना कुणी नकाशा दिला नव्हता. उंच कुठं आहे ते त्या पिढीच्या पायांना ठाऊक होतं.

धरणच रिकामं झाल्यावर शहराच्या नळांना पाणी कुठलं? तेव्हा वाड्यांमधल्या जुन्या विहिरींना आणि हौदांना पुन्हा किंमत आली. आज अशा बऱ्याच विहिरी कचऱ्यानं भरून वर फरशी घातलेली आहे. तुमच्या इमारतीच्या आवारात एखादी असेल तर डोकावून बघा. (वाकून नको! मोठ्यांना बरोबर घ्या.)

घरं गेलेल्या लोकांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती झाल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर. सहकारनगर पर्वतीच्या पलीकडे, नदीपासून चांगलं लांब. पुराची भीती नको म्हणून लोक तिथं निश्चिंत राहू लागले. नदी लांब होती, हे खरंच. पण ओढा? कात्रजहून पर्वतीकडे येणारा आंबील ओढा याच भागाच्या कडेनं येतो! तो लहानसा, उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा. त्याचं कोण मनावर घेणार? पुढं शहर कात्रजपर्यंत पसरलं. ओढ्याच्या दोन्ही काठांवर घरं आली, भिंती आल्या. कुठं पात्र आवळलं, कुठं भराव पडला, कुठं छोट्या पुलाखाली कचरा तुंबला. कात्रजच्या डोंगरउतारांवरही बांधकामं झाली. टाकीला झाकण लागलं म्हणा ना.

२५ सप्टेंबर २०१९. रात्रीची वेळ. कात्रज आणि सहकारनगरच्या भागावर थोड्या तासांत प्रचंड पाऊस कोसळला. पावसाळ्याचा शेवट, जमीन आधीच भिजून तृप्त झालेली, कात्रजचे तलाव काठोकाठ. उतारावरचं पाणी मुरलं नाही, ते थेट ओढ्यात आलं. आणि ओढा, जो एरवी एका उडीत ओलांडावा असा, तो घरांमधून वाहू लागला. दारात लावलेल्या मोटारी काड्यापेट्यांसारख्या वाहून एकमेकींवर चढल्या. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून तिच्या आडोशाला असलेली माणसं दगावली. त्या रात्री पुणे शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त लोकांचे प्राण गेले. १९६१ ला निदान उजाडलं होतं. हा पूर अंधारात आला आणि ‘धरण फुटलं’ असं ओरडायलाही कुणी नव्हतं, कारण धरण फुटलंच नव्हतं. नदीचा पूर लोकांना माहीत होता. ओढ्याला पूर येतो, हे मात्र विसरायला झालं होतं.

‘पेशव्यांनी ओढा वळवला तोही माणसानंच ना, मग तेव्हा कसं चाललं?’ असं तुमच्यापैकी कुणी नक्की विचारेल. चांगला प्रश्न आहे. पेशव्यांनी ओढ्याची एक वाट काढून घेतली, पण त्याला दुसरी वाट दिली. आणि पावसाळ्यात फुगला तर विसावायला कात्रजची तळी आणि पर्वतीचं तळं दिलं. आपण वाट अरुंद करत नेली आणि पर्वतीचं तळं तर बुजवूनच टाकलं. सारसबागेत मलाही फिरायला आवडतं, तिथली भेळही आवडते. तरीसुद्धा हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

असंच पाषाणला बघा. तिथं राम नदी आहे. भूगावच्या बाजूनं येते, बावधनमधून पाषाण तलावात शिरते आणि पुढं मुळेला मिळते. पाषाणचा तलाव इंग्रजांच्या काळातला, तेव्हाच्या गव्हर्नरांच्या बंगल्याला पाणी पुरवायला बांधलेला. त्या बंगल्यात पुढं पुणे विद्यापीठ आलं. तलावावर हिवाळ्यात दूरदेशचे पक्षी येतात, आणि मध्येच जलपर्णी वाढून सगळा तलाव हिरव्या सतरंजीनं झाकला जातो. सांडपाणी आलं की जलपर्णी माजते. नवीन राहायला आलेल्यांना विचारलंत, ‘राम नदी कुठं आहे?’ तर बरेच जण म्हणतात, ‘इथं नदी नाही, एक नाला आहे.’ आंबील ओढ्याची आणि तिची कहाणी सारखीच.

नकाशावर नदीच्या कडेनं दोन रेषा आखतात, हे तुम्हाला माहीत आहे का? एक निळी आणि एक लाल. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर जिथवर पोचेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घरं बांधायची नाहीत असा नियम आहे. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, होड्या घालून माणसं बाहेर काढावी लागली. तेव्हा या रेषांची पुन्हा चर्चा झाली. आई-बाबा घर बघायला जातील तेव्हा हॉल केवढा, खिडकी कुठं, हे बघतीलच. तुम्ही विचारा, ‘निळी रेषा कुठून जाते?’ बिल्डरकाका जरा गडबडतील, पण विचारा!

आणि आता तुमच्यासाठी एक उद्योग. पुण्यात असा नाहीतर नाशकात, कोल्हापुरात, सोलापुरात. पुढच्या पावसात, पाऊस जरा ओसरला की, छत्री घेऊन दाराशी उभे राहा. तुमच्या गच्चीवरून पडलेलं पाणी कुठं जातं ते बघा. रस्त्याच्या कुठल्या कडेनं वाहतं? कुठं वळतं? कुठल्या जाळीत शिरतं? दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्याच दिशेनं सायकलवर जा. पायडल न मारता सायकल जिथं जिथं चालते तिथं तिथं उतार आहे, म्हणजे पाण्याचीही ती वाट. वाटेत पूल लागला तर थांबून खाली बघा. (पूर आलेला असताना पुलावर अजिबात जायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.) रस्त्यांची आणि थांब्यांची नावं वाचा. तळं, हौद, घाट, ओढा, झरी, बांध असं काही सापडलं की वहीत टिपून ठेवा. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, ‘तुम्ही लहान असताना इथं पाणी कुठं होतं?’

त्यांनी सांगितलं ते आणि तुम्हाला दिसलं ते एकाच कागदावर काढा. जिथं आज वाहतं ते निळ्यानं, जिथं पूर्वी वाहायचं ते तुटक रेघेनं. ओढ्याला नाव असेल तर ते ठळक लिहा. ‘नाला’ एवढंच लिहून पाठवलेला नकाशा मात्र चालणार नाही हं. शेजारीपाजारी विचारून नाव शोधून काढायचं. नकाशे आमच्याकडे पाठवा. आम्ही वाट बघतो.